‘हमखास डॉल्फिन’ म्हणणारी बोट आधी गाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची चार माणसं, त्यात ८ वर्षांची मुलगी आणि पोहता न येणाऱ्या सासूबाई. हातात जे पॅकेज आहे त्यात सकाळी ‘मोकळ्या समुद्रात डॉल्फिनसोबत पोहा, हमखास’ आणि दुपारी प्रवाळावर स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं. ओळखीतलं कोणीतरी म्हणालं की हा सगळा प्राण्यांच्या हालांचा धंदा आहे, जाऊच नका. तर जावं का, आणि जायचं तर बोट कशी निवडावी?

जा. प्रवाळ बघा आणि डॉल्फिनही बघा. पण सकाळचा कार्यक्रम आहे तसा घेऊ नका. ‘हमखास’ या एका शब्दासाठी मी ती बोट गाळली असती. डायव्हिंग शिकवण्यात आणि अशा बोटींवर गाईड म्हणून माझी वीसेक वर्षं गेली आहेत. ही हमी कशी तयार होते ते मी आतून पाहिलंय.

मोकळा प्राणी ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर करायचे तीनच मार्ग. त्याला खायला घालून सवय लावायची. नाहीतर दिसला की पाठलाग करायचा. नाहीतर तो झोपतो कुठे ते हेरून तिथे जायचं. पहिले दोन लोकांना लगेच खटकतात. तिसरा खटकत नाही, कारण त्यात कोणी पळत नाही, पाणी निळंशार असतं आणि फोटो फार सुंदर येतात. उष्ण समुद्रातल्या ‘डॉल्फिनसोबत पोहा’ सहली बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारातल्या असतात.

तिथे भेटतो तो बहुतेक वेळा स्पिनर डॉल्फिन, हवेत उडी घेऊन स्वतःभोवती गिरक्या मारणारा. हा रात्रपाळीचा प्राणी आहे. त्याचं खाणं म्हणजे खोल पाण्यातले छोटे मासे, कोळंबीसारखे जीव आणि माकुल, आणि हे सगळं अंधार पडल्यावरच वर सरकतं. रात्रभर बाहेर शिकार करून पहाटे कळप किनाऱ्याजवळच्या शांत, उथळ, वाळूच्या तळाच्या कोपऱ्यात येतो. पांढऱ्या वाळूवर खालून येणारा शार्क लांबून दिसतो, म्हणून ती जागा. डॉल्फिनची झोप आपल्यासारखी नसते. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो, कारण श्वास घ्यायला वर यायचं तर कुणीतरी शुद्धीवर हवं. त्या वेळात ते आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीने आजूबाजूचं चाचपणंही जवळजवळ थांबवतात. सगळा कळप अंगाला अंग लावून, एका लयीत, संथपणे वर येतो आणि खाली जातो.

असा एक कळप मी एका सकाळी कड्यावरून चार तास पाहिला. त्या दिवशी बोटीवर कामाला नव्हतो म्हणून हे जमलं. तीसेक जनावरं असतील. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांनी सगळ्यांच्या पाठी एकदम वर यायच्या, फुस्स असा एकच आवाज आणि परत खाली. साडेआठला पहिली बोट आली, दहा-बारा माणसं उतरली. कळपाने दिशा बदलली, पण लय टिकली. दुसरी बोट समोरून आली तेव्हा कळप दुभंगला. आता पाठी एकत्र वर येत नव्हत्या. तीन इथे, सात तिथे, मधला वेळ कमी-जास्त. एकाने शेपटी दोनदा पाण्यावर आपटली आणि बोटीवर टाळ्या झाल्या. दोन माद्यांनी पिल्लं पलीकडच्या अंगाला घेतली, म्हणजे माणसं आणि पिल्लू यांच्यामध्ये आईचं धड. अकरापर्यंत नऊ बोटी झाल्या होत्या. कळप तिथून गेला नाही, कारण भर उन्हात मोकळ्या समुद्रात जाण्यात धोका जास्त. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. फक्त झोप झाली नाही, आणि त्याच रात्री त्यांना परत शिकारीला निघायचं होतं. खालून त्या बोटींतल्या एकीत असतो तर मलाही ती सकाळ सुरेखच वाटली असती.

हे दिसत नाही, हीच यातली अडचण. म्हणून ज्या ठिकाणी वर्षानुवर्षं मोजमाप झालं तिथले नियम बघावेत. हवाईत २०२१ पासून किनाऱ्याच्या २ सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा जवळ जायला बंदी आहे, म्हणजे साधारण ४५ मीटर. पोहूनही नाही आणि बोटीनेही नाही. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोझ या दुसऱ्या जातीच्या डॉल्फिनची संख्या घसरत गेली आणि तिथल्या सरकारने २०१९ मध्ये त्यांच्यासोबत पोहण्याच्या सहली बंद केल्या. २०२१ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि अंतर ३०० मीटरवर गेलं. ज्या देशाने हा उद्योग परवाने देऊन वाढवला त्यालाच तो आवरावा लागला.

उलट उदाहरणही आहे, ते मला जास्त आवडतं. इजिप्तमध्ये मार्सा आलमजवळ समदाई नावाचा घोड्याच्या नालेसारखा प्रवाळ खडक आहे आणि त्याच्या पोटातल्या शांत पाण्यात स्पिनर डॉल्फिन झोपायला येतात. तिथे गर्दी हाताबाहेर गेली होती. २००४ मध्ये नवीन व्यवस्था आली. आतला भाग बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावून पूर्ण बंद, त्याच्या बाहेर स्नॉर्केलिंगवाल्यांचा पट्टा, त्याच्याही बाहेर बोटी बांधायची जागा. दिवसाला २०० माणसं, तीही ठरावीक तासांत. तुम्ही तुमच्या पट्ट्यात तरंगत थांबायचं. डॉल्फिनला वाटलं तर तो बोये ओलांडून तुमच्याकडे येतो, नाही वाटलं तर तुम्ही मासे बघून परत यायचं. निर्णय कुणाचा, ते त्या बोयांच्या ओळीने ठरवून टाकलं.

‘आमच्या इथले डॉल्फिन माणसाळलेले आहेत, त्यांना आवडतं’ हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. यावर ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचा अभ्यास वाचल्यापासून मी हे वाक्य तोंडात घेणं सोडलं. तिथे डॉल्फिन एकेक करून पंखावरच्या खुणांनी ओळखले जातात आणि नोंदी कित्येक वर्षांच्या आहेत. एका भागात सहलीच्या बोटी एकावरून दोन झाल्या, आणि तिथले डॉल्फिन कमी झाले, साधारण सातांमागे एक. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि सरकारने परवाने दोनावरून पुन्हा एकावर आणले. फरक पडायला नऊ बोटी लागल्या नाहीत, एक जास्तीची पुरली. आणि जे बुजणारे होते ते आधी गेले, त्यामुळे मागे उरलेल्यांकडे बघून कुणालाही वाटलं असतं की यांना काही फरक पडत नाही. ‘माणसाळले’ म्हणताना आपण फक्त उरलेले मोजत असतो.

आणि ते हसूही हसू नाही. तो जबड्याचा आकार आहे, मेलेल्या डॉल्फिनच्याही तोंडावर तो तसाच असतो.

मग डॉल्फिन बघायचेच नाहीत का? बघायचे, पण बोटीतून, आणि शक्यतो ते जागे असताना. बॉटलनोझसारखे काही डॉल्फिन दिवसाही हिंडतात, शिकार करतात, खेळतात. बोट सरळ चालली असेल तर कधी कधी स्वतःहून नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे, येतात आणि बोटीने ढकललेल्या पाण्यावर घसरत जातात. हा त्यांचा खरा खेळ आहे, मोठ्या देवमाशांच्या पुढेही ते हाच उद्योग करतात. नाळेवर पालथं पडून खाली बघितलं तर एखादा कुशीवर वळून वर बघतो, डोळा स्पष्ट दिसतो. वीस वर्षांनंतरही मी त्यासाठी धावत पुढे जातो. इथे बोटवाल्याने फक्त एक करायचं: वेग आणि दिशा बदलायची नाही. त्यांना कंटाळा आला की ते जातील. मागे वळून पुन्हा गाठायचं नाही.

चांगला नाखवा ओळखायला फार वेळ लागत नाही. ज्याच्याकडून मी हे शिकलो तो कळप दिसल्यावर आधी वेग कमी करायचा आणि एक-दोन मिनिटं नुसता बघायचा, कुठे चाललेत, पिल्लं आहेत का. मग त्यांच्या बाजूने, समांतर, जरा मागे राहून चालवायचा. समोरून कधीच गेला नाही, कारण समोरून जाणं म्हणजे वाट अडवणं. थेट मागूनही नाही, कारण तो पाठलाग. कळपाच्या मधून जायचा तर प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हेच आकड्यांत मांडलंय: डॉल्फिनपासून १५० मीटरच्या आत वेग ६ नॉटच्या (ताशी साधारण ११ किलोमीटरच्या) खाली, त्या टापूत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नाहीत, ५० मीटरपेक्षा जवळ जायचं नाही आणि सोबत पिल्लू असेल तर त्या १५० मीटरच्या आतच शिरायचं नाही. तुम्ही जिथे जाल तिथले आकडे वेगळे असू शकतील. ते निघण्याआधी शोधा, आणि काहीच नियम नसतील तर हे धरून चला.

पिल्लाचा मुद्दा मी दोनदा आणतोय, त्याला कारण आहे. बॉटलनोझ मादी वर्षभर पोट वागवते, एकच पिल्लू देते आणि पुढे दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त दूध पाजते. पाण्यात पोहता पोहता पाजायचं, त्यामुळे पिल्लाला आईच्या पोटाखाली नीट जुळवून घ्यावं लागतं आणि बोट आली की ते सुटतं. शार्क बेमधल्याच मंकी माया किनाऱ्यावर डॉल्फिनना हाताने मासे भरवायची जुनी प्रथा आहे. ज्या माद्या खायला येत त्यांची पिल्लं जास्त दगावत होती, कारण आई उथळ पाण्यात भीक मागत उभी आणि पिल्लू मागे एकटं. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे वेळ, संख्या आणि माशांचं प्रमाण कडकपणे बांधून दिलं, तेव्हा पिल्लं जगू लागली. तेव्हा कुणी बादलीतून मासा काढून तुमच्या मुलीच्या हातात देऊ लागलं तर नाही म्हणा. मुलगी रडली तरी.

आता जरा अप्रिय बोलतो. बोट जवळ नेणारा हात नाखव्याचा असतो, पण रेटा मागे बसलेल्यांचा असतो. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात बोटीवर एक मोठा गट होता, तासभर काही दिसलं नव्हतं, लोक कुरकुरत होते. शेवटी एक मादी आणि पिल्लू दिसलं आणि मीच ओरडलो, ‘अजून जवळ घे.’ नाखव्याने माझ्याकडे बघितलं आणि घेतली. मादी तीनदा बुडी मारून बाजूला गेली, आम्ही तीनदा मागे गेलो. त्या दिवशी बक्षिसी नेहमीच्या दुप्पट मिळाली. आदल्या दिवशी लांब थांबून शांतपणे दाखवलेल्या कळपाला तीनच लोकांनी ‘छान होतं’ म्हटलं होतं. नाखवा हा हिशेब लगेच शिकतो, गाईडही. तुमच्या हातात नियम नाहीत, परवाने नाहीत, पण हा हिशेब तुमच्या हातात आहे. चढतानाच त्याला सांगा: ‘लांबूनच बघायचे आहेत, नाही दिसले तरी चालतील.’ मी गाईड असताना हे वाक्य फार थोड्या लोकांनी म्हटलं, आणि ज्यांनी म्हटलं त्या दिवशी आम्ही सगळेच निवांत असायचो. आणि त्याने बोट लांब थांबवली तर उतरताना बक्षिसी त्या कारणासाठी, कारण सांगून द्या.

बुकिंगच्या आधी फोनवर तीन-चार गोष्टी विचारल्या की बोट कळते. डॉल्फिन नाही दिसले तर काय? ‘पैसे परत’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘नाही दिसले तर नाही, समुद्र आहे’ म्हणणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण पहिल्याला काहीही करून दाखवावेच लागतात. पाण्यात उतरवता का? कळपाजवळ जास्तीत जास्त किती वेळ थांबता? आधीच दोन बोटी असल्या तर काय करता? ‘वाट बघतो किंवा दुसरीकडे जातो’ हे उत्तर ऐकायला मिळालं तर लगेच पैसे भरा. त्यांनी टाकलेले फोटोही बघा. पोहणाऱ्याचा हात डॉल्फिनच्या दिशेने लांबलेला असेल तर पुढे विचारायची गरज नाही.

आता दुपारचं. प्रवाळाबाबत मी जास्त मोकळेपणाने ‘जा’ म्हणतो, कारण तो पळून जात नाही आणि त्याची झोप मोडत नाही. पण तो मोडायला तुमची एक लाथ पुरते.

प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे, खरं तर हजारो छोट्या प्राण्यांची वसाहत, आणि आपल्याला दिसतो तो त्यांनी चुन्याचा बांधलेला सांगाडा. जिवंत भाग म्हणजे त्या सांगाड्यावरचा पातळ थर. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर नखाने ओढल्यावर जे होतं तेच त्यावर बोट घासल्यावर होतं, फक्त तिथे लगेच दिसत नाही. जखमेतून रोग शिरतो, किंवा शेवाळ येऊन बसतं. फांद्यांचा प्रवाळ त्यातल्या त्यात भराभर वाढतो, चांगल्या जागी वर्षाला १० सेंटिमीटर किंवा थोडा जास्त. पण मोठ्या गोलसर घुमटासारखे जे प्रवाळ असतात ते वर्षाला साधारण १ सेंटिमीटर. दोन मीटर उंचीचा घुमट दिसला तर मनात हिशेब करा. लोक नेमके त्याच्यावरच उभे राहतात, कारण तो पाय ठेवायला सपाट असतो.

मोडतोड बहुतेक वेळा वाईट वागण्याने होत नाही, घाबरण्याने होते. मास्कमध्ये पाणी शिरलं, तोंडातली नळी बुडाली, माणूस दचकतो आणि पाय खाली सोडतो. खाली प्रवाळ असतो. मी एकदा एका गृहस्थांच्या मागे पोहत होतो. त्यांनी मास्क झटकायला पाय टेकले तेव्हा खालच्या फांद्या मोडल्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला, काचेच्या बांगड्या पिचाव्यात तसा. ते अत्यंत सभ्य गृहस्थ होते. बोटीवर येऊन त्यांनीच मला प्लास्टिकच्या बाटल्यांवर सुनावलं. त्यांच्या पायाखाली काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही त्या वेळी सांगितलं नाही, जे सांगायला हवं होतं.

म्हणून मास्क आणि नळीची सवय आधी जलतरण तलावात करा. चौघांनीही, सासूबाईंनीसुद्धा, कमरेएवढ्या पाण्यात. मास्क चेहऱ्याला बसतो का ते पट्टा न लावता नाकाने हवा आत ओढून बघा, तो चिकटून राहिला पाहिजे. मास्कमधलं पाणी तोंड पाण्यात ठेवूनच काढायला शिका. एवढं आलं की दचकणं ऐंशी टक्के संपतं, हा माझा अंदाज, पण बऱ्याच विद्यार्थ्यांवरून केलेला. समुद्रात लाईफ जॅकेट घालूनच उतरा, त्यात लाज काही नाही. पाण्यावर आडवं तरंगायला ते मदत करतं आणि खोल बुडी मारायचा मोहही आवरतं. पाय खाली लोंबू द्यायचे नाहीत. पोट आणि प्रवाळ यांच्यामध्ये तुमच्या उंचीएवढं पाणी नसेल तर तिथून मागे फिरायचं. ओहोटीला उथळ खडकावर उतरवणारी बोट असेल तर तुम्ही कितीही काळजी घ्या, गुडघे घासणारच. तेव्हा भरती कधी आहे ते विचारा.

फिन्सबद्दल, म्हणजे पोहताना पायात घालतात त्या लांब पंखांबद्दल, वेगळं सांगतो. कॅरिबियनमधल्या सेंट लुशियात स्कूबा डायव्हर्सच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणाऱ्यांच्या, मागे पोहून संशोधकांनी स्पर्श मोजले होते, २००४ चा अभ्यास. चारांपैकी जवळजवळ तिघे दहा मिनिटांत एकदा तरी प्रवाळाला लागले, आणि बहुतेक वेळा लागल्या त्या फिन्स. कॅमेरा असलेले जास्त लागले, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. खरी गंमत पुढे आहे. निघण्यापूर्वी ‘प्रवाळाला हात लावू नका’ एवढी एका वाक्याची सूचना दिली, तर फरक पडला नाही. पाण्यात गाईडने जाऊन प्रत्यक्ष थांबवलं तेव्हा स्पर्श मिनिटाला ०.३ वरून ०.१ वर आले. त्याआधी १९९७ मध्ये इजिप्तच्या रास मोहम्मदमध्ये नीट समजावून, पाण्यात दाखवून सूचना दिल्या, तर स्पर्श ७ मिनिटांमागे १.४ वरून ०.४ वर आले होते. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच: बोटीवरचं भाषण ऐकून चालकाला गुण देऊ नका. गाईड पाण्यात उतरतो का, एका गाईडमागे किती माणसं, आणि तो तुम्हाला टोकतो का, हे बघा. मला विचाराल तर नवख्यांच्या गटात एका गाईडमागे सहाच्या वर माणसं नकोत. फिन्स शक्य असेल तर छोट्या घ्या, आणि वाळूजवळ हळू मारा. उडालेली वाळू प्रवाळावर बसली तर ती झटकायला त्याला आपली शक्ती खर्चावी लागते.

बोट थांबते कशी तेही बघा. नांगर प्रवाळावर टाकला तर तो पडताना मोडतोड करतो, आणि वाऱ्याने बोट फिरली की साखळी गोल फिरत सगळं खरवडते. तुमची आख्खी सहल काळजीपूर्वक पोहण्यात गेली तरी त्या एका साखळीने केलेलं नुकसान भरून निघत नाही. चांगल्या ठिकाणी कायमचे बांधलेले बोये असतात, दोर त्यालाच लावायचा. नसतील तर नांगर वाळूत. बुकिंगच्या फोनवर हा प्रश्न विचारा. उत्तराआधीची शांतता बरंच सांगून जाते.

सनस्क्रीनवर लोक तासभर बोलतात, मी दोन मिनिटं बोलेन. ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, पलाऊने त्याच्या एक वर्ष आधी याहून मोठ्या यादीवर बंदी घातली. बाटलीवर ‘रीफ सेफ’ (प्रवाळाला सुरक्षित) लिहायला मात्र सर्वमान्य व्याख्या नाही, कुणीही छापू शकतं, त्यामुळे मागची घटकांची यादी वाचा. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग. पाठ आणि पोटऱ्या झाकल्या की सनस्क्रीन चेहऱ्यापुरतं उरतं, आणि पालथं तरंगताना भाजतात त्या पाठ आणि पोटऱ्याच.

माशांना पाव टाकू नका, बोटीवर कुणी दिला तरी. त्यावर येतात ते मोजके धीट, भांडखोर मासे, आणि शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे आपलं काम सोडून पावाभोवती फिरतात. हातमोजे घालू नका, हातमोजा घातला की माणूस निर्धास्तपणे धरतो. कॅरिबियनमधल्या बोनेअरने सागरी उद्यानात हातमोज्यांना म्हणूनच बंदी केली आहे. ते उद्यान १९७९ पासून आहे, डायव्हिंगला येणाऱ्याला आधी माहितीचं सत्र आणि किनाऱ्याजवळ एक चाचणी बुडी सक्तीची, आणि पर्यटकांच्या शुल्कातून राखणीचा खर्च चालतो. प्रवाळाचे तुकडे, शंख, दागिने विकत घेऊ नका. बहुतेक दगडी प्रवाळ धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या ‘साइटीस’ करारात आहेत, विमानतळावर अडवलं तर तुमच्याकडे बोलायला काही नसेल.

ज्यांनी तुम्हाला ‘जाऊच नका’ सांगितलं त्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. प्रवाळाला सगळ्यात मोठा मार बसतोय तो तापलेल्या पाण्याचा. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा पाणी १ अंश सेल्सिअसने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या आत राहणारं, त्याला खाऊ घालणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतर जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने जाहीर केली. यापुढे तुमच्या फिनचा ओरखडा किती? आकाराने नगण्य. पण पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर तो परत रंग धरतो, आणि तेवढे आठवडे त्याला जखम, गाळ, शेवाळ यांपैकी काहीही परवडत नाही. तुम्ही जाल तेव्हा खडक पांढरा पडत असल्याची बातमी असेल तर स्नॉर्केलिंग रद्द करा, निदान नवशिक्यांचं तरी. थायलंडच्या माया बेमध्ये दिवसाला हजारो माणसं आणि बोटी यायच्या. २०१८ च्या जूनमध्ये ते बंद केलं आणि २०२२ च्या जानेवारीत उघडलं, तेही बोटी मागच्या बाजूला थांबवून. मधल्या काळात प्रवाळ लावले गेले, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. म्हणजे उसंत मिळाली तर काहीतरी होतं.

स्नॉर्केलिंग किंवा डायव्हिंगची बोट शोधताना त्या भागात ‘ग्रीन फिन्स’चे सदस्य आहेत का ते बघा. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि रीफ-वर्ल्ड फाउंडेशन यांचा हा उपक्रम २००४ पासून चालू आहे, आणि त्यात बोटींची प्रत्यक्ष तपासणी होते. भिंतीवर टांगलेल्या हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा त्यावर भिस्त ठेवलेली बरी. नसेलच कुणी, तर वरचे प्रश्न आहेतच.

राहिल्या सासूबाई आणि मुलगी. सासूबाईंना उतरायचं नसेल तर आग्रह करू नका. काचेच्या तळाची बोट मिळाली तर उत्तम, फक्त ती उथळ खडकावरून तळ घासत जात नाही ना ते बघा. मुलीला पहिल्याच झटक्यात खडकावर नेऊ नका. बोटीच्या शिडीजवळ गाईडची तरंगती रिंग असते, ती धरून तिला नुसतं पालथं तरंगू द्या, फिन्स न घालता, तुम्ही शेजारी. पाच मिनिटं. तिला काही शोधायला सांगू नका, हातवारे करू नका. कान पाण्यात गेले की आधी तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येईल, ती कोळंबीच्या जातीची चिमुकली झिंगी नांगी आपटत असतात. त्याच्या मागे मधूनच कुरूम, कुरूम असं ऐकू येईल. तो पोपटमासा, खडकावरचं शेवाळ दातांनी खरवडतोय. आमच्याकडे येणारी मुलं वर आल्यावर बहुतेक वेळा आधी त्याच आवाजाबद्दल विचारतात.